यादीत नसलेला देश : साथीच्या सुरुवातीचा परदेशप्रवास आणि सातारा-सांगली



मार्च २०२० च्या आठवणी इथे प्रत्येकाजवळ आहेत, त्यामुळे त्या सांगण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. आम्ही आज एक प्रश्न घेऊन आलो आहोत. साथ नुकती कुठे सुरू झाली आहे, तिचं नाव जेमतेम ठरलं आहे, आणि अशा वेळी आपल्यातला एखादा माणूस परदेशातून घरी परततो. त्या क्षणी त्याला काय माहीत असतं? विमानतळावरच्या अधिकाऱ्याला काय माहीत असतं? आणि दोघांनाही जे माहीत नव्हतं, त्याचा दोष पुढे कोणाच्या माथी बसतो? हा प्रश्न २०२० चा वाटतो, पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी तो सव्वाशे वर्षांत किमान तीनदा सोडवायचा प्रयत्न केला आहे. म्हणून हा इतिहासाचा विषय.

आधी तारखा

तारखा नीट लावल्याशिवाय या विषयात काहीच समजत नाही. ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या न्यूमोनियाची बातमी जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोहोचली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईसह काही विमानतळांवर चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. २३ जानेवारीला वुहान बंद झालं. ३० जानेवारीला केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला. वुहानला शिकणारी आणि तिथून परतलेली ती एक विद्यार्थिनी होती. म्हणजे देशातली पहिली नोंदच परतीच्या प्रवासाची आहे.

फेब्रुवारीत लक्ष चीनवर होतं. मग कोरिया, इराण, इटली. २७ फेब्रुवारीला सौदी अरेबियाने बाहेरून येणाऱ्या उमराह यात्रेकरूंना प्रवेश थांबवला. गंमत बघा, तेव्हा सौदीत एकाही रुग्णाची अधिकृत नोंद नव्हती. ती २ मार्चला झाली. ४ मार्चला भारताने सगळ्याच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करायचं ठरवलं. ११ मार्चला केंद्राने आदेश काढला की चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी या सात देशांत १५ फेब्रुवारीनंतर जाऊन आलेल्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं.

ही सात देशांची यादी लक्षात ठेवा. तिच्यात दुबई नाही. सौदी नाही. अमेरिका नाही.

आता महाराष्ट्राकडे बघू. राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. चाळीस जणांच्या एका सहलीतून ते दुबईहून १ मार्चला परतले होते. १ मार्चला दुबईहून येणाऱ्या माणसाला कोणी अडवावं असा नियमच नव्हता. दुसऱ्या दिवशी बाधित निघालेल्यांत त्यांना मुंबई विमानतळावरून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक होता. त्याने देश सोडलेलाच नव्हता. संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान आणि कुवेतहून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण लागू झालं ते १८ मार्चपासून. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, सांगली जिल्ह्यातले पहिले चार रुग्ण इस्लामपुरात निश्चित झाले. एकाच कुटुंबातले, सौदी अरेबियाहून परतलेले. त्याच आठवड्यात साताऱ्यातले सुरुवातीचे रुग्ण समोर आले. ते दुबई आणि अमेरिकेहून आलेले होते.

दार बंद झालं तेव्हा साथ आत येऊन बसलेली होती. यात कोणी मुद्दाम दार उघडं ठेवलं असं आम्ही म्हणत नाही. ही यादी कशी तयार होते ते बघायला हवं. ज्या देशात तपासण्या होतात तिथे रुग्ण सापडतात. रुग्ण सापडले की देश यादीत जातो. जिथे तपासण्या कमी, तो देश कागदावर स्वच्छ. म्हणजे यादी आपल्याला दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं जग दाखवते आणि माणूस आजच्या विमानाने येतो.

ही माणसं जातात का?

कुणी विचारेल, सातारा-सांगलीसारख्या शेतीच्या जिल्ह्यांत परदेशप्रवासाचा एवढा काय विषय? पण हे दोन जिल्हे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाणाऱ्यांचे जिल्हे आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. तिथल्या माणसाला पावसाने कायमच बाहेर ढकललेलं आहे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत सातारचा माणूस, माथाडी कामगारांत सातारचा माणूस, पलटणीत तर आहेच आहे. सातारा तालुक्यातल्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभरच्या सराफ बाजारांत बसलेले आहेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत यात आखाती देशांतली नोकरी आली, अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून येणारे आई-वडील आले, दुबईची सहल आली आणि आयुष्यभर पैसे साठवून केलेली मक्का-मदिनेची यात्रा आली. हे सगळं आपल्या गावगाड्याचा भाग आहे. त्यामुळे जगात कुठेही साथ उठली की ती कृष्णेच्या खोऱ्यात यायला ओळखीची वाट सापडते.

पहिला धडा : १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हा जिवाणूचा रोग, उंदरांवरच्या पिसवांतून पसरणारा, विषाणूचा नव्हे. पण प्रवासाचा प्रश्न तोच. तो हाँगकाँगकडून जहाजाने आला असं मानलं जातं. जानेवारी-फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ अर्धी माणसं शहर सोडून गावी गेली होती. त्यांत कोकणातले होते तसे घाटावरचे, सातारचेही होते. रेल्वे पुण्यावरून कोरेगाव, कराड, मिरजेकडे येत होती आणि रोग त्याच वाटेने खाली उतरला.

सरकारची हालचाल सुरू झाली ती दोन दिशांनी. युरोपातल्या देशांना भीती होती की हिंदुस्थानातून, विशेषतः हजच्या जहाजांतून, प्लेग आपल्याकडे येईल. व्यापारावर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली. व्हेनिसला १८९७ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्या वर्षी मुंबईहून निघणारी हज यात्रेची जहाजं थांबवली गेली. आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. प्रवाशाला तपासा, वेगळं ठेवा, आणि जो आदेश मोडील त्याला दंडसंहितेच्या १८८ कलमाखाली शिक्षा करा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने साथ आवरायला जो कायदा बाहेर काढला तो हाच.

कायदा वापरणारा हात कसा होता, हे पुण्याने पाहिलं. प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. हा पुण्याला येण्याआधी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता. वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात त्याने तिथल्या प्रतिष्ठित माणसांना तुरुंगात धाडलं होतं, म्हणजे त्याचा खाक्या सातारकरांना आधीच ठाऊक होता. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. संशयितांना बाहेर काढलं, सामान जाळलं. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, पुढचं आपल्याला माहीत आहे. पण आरोग्याच्या दृष्टीने काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. लोक आजारी माणूस लपवायला लागले. रात्री बैलगाडीतून गावाबाहेर काढायला लागले. ज्या तपासणीने रोग सापडायचा, तिच्याच भीतीने रोग दडला आणि पसरला.

त्याच वेळी दुसरा मार्गही होता. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले तेव्हा पुण्यात होत्या. डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळच्या माळावर रुग्णालय उघडलं होतं. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे घेऊन येत. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं, त्यात त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. माणसाला वेगळं ठेवायचं दोन्हीकडे होतं. एकीकडे शिपाई खेचून न्यायचे, दुसरीकडे घरचं माणूस कडेवर घेऊन जायचं. गावांनीही आपला उपाय काढला : उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. हे कुठल्या यादीत किंवा कायद्यात नव्हतं, लोकांनी पाहून शिकलेलं होतं, आणि प्लेगच्या बाबतीत ते शास्त्रालाही धरून होतं.

दुसरा धडा : १९१८

जून १९१८. मुंबईच्या गोदीवर ड्यूटीला असलेले काही पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हिवताप नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन जहाज बंदराला लागलेलं होतं. पहिलं महायुद्ध चालू, मराठा पलटणी मेसोपोटेमियात. आपल्याकडची पोरं बसऱ्याहून मुंबई, मुंबईहून रेल्वेने गाव अशी येत-जात होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख, आणि देशात अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. जनगणनेत असं दशक तेवढं एकच. आपल्याकडे या साथीला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊसही गेला होता, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात ताप आणि उपासमार बरोबरच आली.

या साथीत परतणाऱ्याला कोणी दोष दिल्याचं फारसं दिसत नाही. कारण सरळ आहे. परतणारा शिपाई सरकारनेच पाठवलेला होता, सरकारच्याच जहाजातून आला होता, आणि त्याला बंदरावर थांबवायला युद्धकाळात कोणी तयार नव्हतं. जुलमी तपासणी १८९७ ला झाली आणि १९१८ ला तपासणीच झाली नाही. दोन्हींची किंमत गावांनी मोजली.

जहाज आणि विमान

इथे एक साधी गोष्ट समजून घेऊ. शरीरात रोग शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत काही दिवस जातात. प्लेगला साधारण दोन ते सहा, इन्फ्लुएंझाला एक ते चार. कोरोनाला सरासरी पाच-सहा, काहींना चौदापर्यंत. जहाजाचा प्रवास दिवसांचा, आठवड्यांचा असायचा. त्यामुळे आजार पुष्कळदा समुद्रावरच उघडा पडायचा. जहाज म्हणजे तरंगतं विलगीकरणच. व्हेनिससारख्या बंदरांनी चाळीस दिवसांचा नियम केला, त्या ‘चाळीस’वरून क्वारंटाइन हा शब्द आला. हजच्या यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर थांबवत, तेही याच हिशेबाने.

दुबई ते मुंबई विमानाला तीन तास लागतात. तीन तासांत काहीही उघडं पडत नाही. त्यातून या विषाणूची खोडी अशी की लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू शकतो. कपाळासमोर धरलेली तापमापक बंदूक ताप मोजते, संसर्ग मोजत नाही. तेव्हा ‘विमानतळावर तपासलं होतं, ठीक होतं’ असं सांगणारा प्रवासी खोटं बोलत नव्हता. त्याला तपासलंही होतं, तो ठीकही होता, आणि तरीही त्याच्यातून रोग आत येऊ शकत होता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपलं सगळं भांडण त्यातली एकच धरून झालं.

इस्लामपूर

आता पुन्हा इस्लामपूर. २३ मार्चला चार जण बाधित निघाले. पुढच्या काही दिवसांत नात्यातले, घरात येणारे-जाणारे असे एकेक करून आकडा वाढत गेला आणि जिल्ह्याची संख्या २६ वर पोहोचली. राज्यभर टीव्हीवर इस्लामपूरचं नाव. तेव्हा नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायचे आणि अहवाल यायला वेळ लागायचा.

प्रशासनाने काय केलं? भोवतालचा एक किलोमीटरचा परिसर बंद केला. घरोघर जाऊन विचारपूस. संपर्कातल्या माणसांची यादी, आणि ती यादी फोनवरून तयार न करता माणसागणिक पक्की केली. जवळच्या संपर्कातल्यांना घरात न ठेवता संस्थात्मक विलगीकरणात नेलं. रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक सगळे बरे झाले होते. वर्तमानपत्रांनी याला ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हटलं. मिरजेचं नाव इथे येतं हा योगायोग नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचं दवाखान्यांचं गाव आहे. रुग्णालयं, डॉक्टर, परिचारिका, आणि आजारी माणूस सामावून घ्यायची सवय, हे एका महिन्यात उभं राहत नाही.

या साखळीतून एक गोष्ट दिसते. देशांची यादी चुकली, माणसांची यादी बरोबर ठरली. कुठला देश धोक्याचा हे कोणालाही नेमकं सांगता आलं नव्हतं. पण कोण कोणाला भेटलं, कोणाकडे जेवायला गेलं, कोण एका गाडीतून आलं, हे सांगता येत होतं, आणि सांगितलं म्हणून साखळी तुटली. आता ‘सांगितलं’ या शब्दावर थांबा. माणूस कधी सांगतो? सांगितल्यावर आपलं वाईट होणार नाही असा भरवसा असेल तेव्हा.

आणि तो भरवसा आपण त्या महिन्यात काय करून ठेवला? ठिकठिकाणी रुग्णांची नावं, पत्ते, फोटो व्हॉट्सॲपवर फिरले. परदेशातून आलेल्याच्या दारावर कागद, हातावर शाईचा शिक्का. शिक्का सरकारचा होता आणि त्याला कारण होतं. पण शिक्का बघून एस.टी.तून, रेल्वेतून उतरवण्याचे प्रकार झाले ते लोकांनी केले. कोणी यात्रेहून आला होता तर त्याच्या धर्माचा उद्धार झाला, कोणी सहलीहून आला होता तर त्याच्या पैशाचा. दोघांनाही परतताना कोणी थांबा म्हटलं नव्हतं, ही साधी गोष्ट त्यात बुडाली.

मे महिन्यात तर पाळी आपल्याच माणसांवर आली. मुंबईहून माण-खटावला, पाटणला, शिराळ्याला परतलेल्या चाकरमान्यांना गावाच्या शिवेवर थांबवून शाळेत ठेवलं गेलं. काही गावांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ डबा पोचवला, पोरांना दूध पोचवलं. काही गावांनी रस्त्यावर खड्डा खणला. १८९७ चे दोन मार्ग पुन्हा समोर आले, आणि निवड गावाने केली.

आपण बाहेरचे झालो तेव्हा

ज्यांना वाटतं की परतणारा माणूस म्हणजेच संकट, त्यांच्यासाठी १९९४ ची आठवण. त्या सप्टेंबरात सुरतेला प्लेगची साथ आली. काही दिवसांत अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली, आखातातल्या काही देशांनी तर भारताशी विमानसंपर्कच तोडला. सांगलीच्या माणसाने सुरत पाहिलेलीही नसेल, पण त्याच्या पासपोर्टवर भारत लिहिलेलं होतं, तेवढं पुरेसं होतं. तेव्हा आपण यादीतला देश होतो. यादीत असणं कसं वाटतं हे ज्याने भोगलंय, त्याने यादी हातात आल्यावर थोडं जपून वागावं, एवढीच अपेक्षा.

पुढच्या वेळी

पुढची साथ येणार आहे. २००९ ला स्वाइन फ्लू आला तोही विमानानेच. भारतातला पहिला रुग्ण अमेरिकेहून हैदराबादला आलेला प्रवासी होता. तेव्हा हा इतिहास घेऊन आपण काय करायचं?

आम्हाला तीन गोष्टी सुचतात. एक, साथीची पहिली बातमी आल्यावर ‘माझा देश यादीत नाही’ यावर प्रवाशाने विसंबू नये. परतल्यावर काही दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून, लग्नकार्यापासून, बाजारापासून स्वतःहून लांब राहावं. पाहुणे पेढे घेऊन भेटायला येतात, त्यांना दारातूनच हात जोडावेत. याला कायदा लागत नाही. दोन, ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने आपल्याकडून बाहेर कोण जातं, कुठे जातं, परतल्यावर थांबायला जागा कुठे, जेवण कोण देणार, हे साथ नसताना ठरवून ठेवावं. शाळेच्या खोलीत संडास आहे का, पाणी आहे का, हे मे महिन्याच्या उन्हात शोधायची वेळ येऊ नये. आणि तीन, नाव फुटणार नाही याची हमी. आरोग्यसेविकेला, आशाताईला माणूस जे सांगतो ते तिच्या वहीतून व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. गेलं, तर पुढचा माणूस सांगणार नाही, आणि मग तुमच्याकडे कितीही प्रयोगशाळा असू देत.

१८९७ चा कायदा चार कलमांत प्रवाशाने काय करायचं ते सांगतो. प्रवाशासाठी इतरांनी काय करायचं, याचं कलम त्यात नाही. ते प्रत्येक वेळी गावाला, डॉक्टरला, शेजाऱ्याला स्वतः लिहावं लागलं आहे. कुठे ते चांगलं लिहिलं गेलं, कुठे वाईट. पुढच्या वेळचं लिहायला आपल्याला अजून अवधी आहे, तो वापरू या.